स्किझोफ्रेनिया : लक्ष देण्याच्याही आधी मेंदूत काय घडतं?

अबोली

माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया होऊन अकरा वर्षं झाली. औषधं वेळेवर घेतो. कानात येणारे आवाज जवळजवळ बंद झालेत, कोणीतरी पाळत ठेवतंय ही भीतीही मागे पडली आहे. बाहेरून बघणाऱ्याला तो बरा झालाय असंच वाटतं.

पण घरात चार माणसं एकदम बोलू लागली की तो उठून आतल्या खोलीत जातो. मी काही सांगायला गेले की आधी म्हणतो, "ताई, पंखा बंद कर, मग बोल." मला पंख्याचा आवाज जाणवतच नसतो. त्याने म्हटल्यावर कळतं की पंखा चालू आहे. फोनवरचं बोलणं त्याला निम्मंच समजतं. मी थट्टेने काही बोलले तर त्याला राग येतो, आणि खरंच रागावले तर ते त्याच्या ध्यानात येत नाही.

इतकी वर्षं मी त्याला "तुझं लक्षच नसतं" असं म्हणत आले. परवा तो शांतपणे म्हणाला, "तुझ्याकडे आवाज निवडून येतात, माझ्याकडे सगळेच येतात." तेव्हापासून मला चैन नाही.

हे औषधांच्या गुंगीने होतं, आजाराने होतं, की आता त्याचा स्वभावच तसा झालाय? आवाज मेंदूत शिरतानाच, म्हणजे लक्ष देण्याच्या आधीच, काहीतरी वेगळं घडतं असं कुठेतरी ओझरतं वाचलं होतं. कोणाला माहिती असेल तर समजावून सांगा. शुभार्थी (ज्यांना आजार आहे ते) आणि शुभंकर (त्यांची काळजी घेणारे), दोघांचेही अनुभव हवे आहेत.

कानोसा

अबोली, मी डॉक्टर नाही, पण ईईजीच्या, म्हणजे मेंदूतले विजेचे बारीक बदल मोजणाऱ्या, प्रयोगशाळेत बरीच वर्षं काम केलंय आणि नेमक्या याच विषयाच्या चाचण्या घेतल्या आहेत. तुमच्या भावाने जे सांगितलं ते आम्ही पडद्यावर आलेखात बघतो. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

डोक्यावर इलेक्ट्रोड लावून माणसाला खुर्चीत बसवायचं. हेडफोनमधून 'टक्' असा एक आवाज द्यायचा आणि बरोबर अर्ध्या सेकंदाने तसाच दुसरा. मग काही सेकंद थांबायचं, पुन्हा अशी जोडी. हे कितीतरी वेळा करून सरासरी काढली की आवाजानंतर साधारण ५० मिलिसेकंदांनी एक लहानसा उंचवटा दिसतो. त्याला पी-फिफ्टी म्हणतात. डोळ्याची पापणी एकदा लवायला याच्या काही पट वेळ लागतो, एवढं हे लवकर घडतं. 'आवाज आला' हे माणसाला कळण्याच्याही आधीची ही गोष्ट आहे.

बहुतेकांमध्ये दुसऱ्या 'टक्'चा उंचवटा पहिल्याच्या मानाने बराच खुजा येतो. मेंदूने जणू ठरवलेलं असतं की हे आत्ताच ऐकलंय, पुन्हा दखल घ्यायची गरज नाही. स्किझोफ्रेनिया असलेल्या अनेकांमध्ये दुसरा उंचवटा तेवढा खाली येत नाही. १९८२ मध्ये लॉरेन्स अॅडलर, रॉबर्ट फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत हे दाखवलं आणि त्याला 'सेन्सरी गेटिंग' हे नाव रूढ झालं. मराठीत संवेदनांची चाळणी म्हणता येईल.

आता तुमचा पंखा घ्या. तुमच्या मेंदूने तो पहिल्या काही क्षणांतच बाजूला टाकलेला असतो. तो बाजूला टाकायला तुम्ही काहीच कष्ट घेतलेले नसतात, लक्षही दिलेलं नसतं. म्हणून "लक्ष दे" असं सांगून हे सुधारत नाही. लक्ष ही त्यानंतरची पायरी आहे.

एक मात्र सांगायला हवं. पी-फिफ्टी मोजायला फार नाजूक आहे. एकाच माणसाची दोनदा चाचणी घेतली तर आकडे बऱ्यापैकी वेगळे येऊ शकतात. त्यामुळे मी तिच्यावर एकटीवर भिस्त ठेवत नाही. दुसरी एक चाचणी जास्त भरवशाची आहे, तिच्याबद्दल संध्याकाळी लिहिते.

सायली_ती

वाचते आहे. माझ्या काकांचं अगदी असंच असायचं. आम्ही त्यांना तुसडे समजायचो.

तर्कटी

कानोसा, माहिती छान आहे, पण मला दोन शंका आहेत आणि त्या खरोखरच्या शंका आहेत. एक, या रुग्णांना वर्षानुवर्षं जड औषधं चालू असतात. मेंदूचा प्रतिसाद बदलला तर तो औषधाने बदलला नाही हे कशावरून? दुसरी, चाचणीत माणूस कंटाळला, त्याचं मन भरकटलं, तर कुठलाही आलेख बिघडेल. मग हा 'सुरुवातीचा' दोष कसा म्हणायचा?

कानोसा

दोन्ही शंका रास्त आहेत. या क्षेत्रातल्या लोकांनी स्वतःलाही त्याच विचारल्या.

आधी दुसरी घेते, कारण राहिलेल्या चाचणीत तिचं उत्तर आहे. या चाचणीचं नाव मिसमॅच निगेटिव्हिटी. फिनलंडचे रिस्तो नॅटॅनेन यांनी १९७८ मध्ये तिचं वर्णन केलं. कानात एकसारखे सूर सोडायचे: टूं, टूं, टूं, टूं. मधूनच एखादा सूर किंचित लांब किंवा किंचित वरच्या पट्टीत. सूर बदलल्यावर १०० ते २५० मिलिसेकंदांच्या दरम्यान मेंदूच्या आलेखात एक खड्डा पडतो, म्हणजे 'इथे काहीतरी बदललं' अशी नोंद होते.

यातली गंमत अशी की हे सगळं चालू असताना आम्ही माणसाला समोर मूकपट लावून देतो आणि बजावतो की कानातल्या आवाजांकडे लक्ष देऊ नका. लक्ष नसतानाच जी नोंद होते तीच आम्हाला हवी असते. तेव्हा 'मन भरकटलं म्हणून बिघडलं' हा आक्षेप इथे फारसा लागू पडत नाही. स्किझोफ्रेनियात हा खड्डा उथळ होतो, हे पहिल्यांदा १९९१ मध्ये समोर आलं आणि त्यानंतर जगभरच्या अनेक प्रयोगशाळांत पुन्हा पुन्हा दिसलं. सूर लांबवला की फरक जास्त ठळक येतो.

आता औषधं. औषधं सुरू न केलेल्या लोकांमध्येही या चाचण्यांत फरक सापडले आहेत. त्याहून बोलका पुरावा उलट बाजूने येतो. मेंदूत ग्लुटामेट नावाचा रासायनिक निरोप्या आहे आणि तो पकडणारी एनएमडीए नावाची ग्राहकं पेशींवर असतात. भूल द्यायला वापरतात ते केटामिन ही ग्राहकं अडवतं. १९९६ मध्ये डॅनियल जॅविट यांच्या गटाने माकडांवर प्रयोग करून दाखवलं की एनएमडीए अडवलं तर मिसमॅचची नोंद घटते. २००० मध्ये निरोगी स्वयंसेवकांना केटामिन दिल्यावर तेच आढळलं. त्यांना ना आजार होता, ना वर्षानुवर्षांची औषधं होती. फक्त ते एक ग्राहक अडवल्याबरोबर आलेख आजाराच्या आलेखासारखा दिसू लागला. आजच्या बहुतेक औषधांचा रोख डोपामिन या दुसऱ्याच निरोप्यावर असतो. त्यामुळे आवाज आणि संशय आटोक्यात येऊनही पंख्याचा त्रास का उरतो, याचा एक धागा मला इथे दिसतो.

एकटा_नाही

मी स्वतः शुभार्थी आहे. एकोणीस वर्षं झाली. या विषयावर आमच्याबद्दल खूप लिहिलं जातं, आमच्याकडून कमी, म्हणून लिहितो आहे.

कानोसांनी आवाजांबद्दल लिहिलं. माझ्या बाबतीत डोळ्यांचा भाग मोठा आहे. आजार सुरू होण्याच्या आधी, आवाज वगैरे यायच्या कितीतरी आधी, वस्तू 'फार जास्त' दिसायला लागल्या होत्या. समोर बसलेल्या माणसाचा चेहरा अख्खा दिसायचा नाही. भुवई दिसायची, ओठाचा कोपरा दिसायचा, चष्म्यावरची चमक दिसायची. ते सगळं जोडून 'हे अमुक आहेत' असं म्हणायला मुद्दाम कष्ट घ्यावे लागायचे. वाचताना ओळ निसटायची. डोळे तपासले, नंबर ठीक होता. मग सगळे म्हणाले, अभ्यासाचा कंटाळा आलाय.

तेव्हा मला कोणी एवढं जरी म्हटलं असतं की 'तुझे डोळे चांगले आहेत, पण डोळ्यांकडून आलेलं मेंदूत जुळताना अडचण येतेय', तरी मी स्वतःला आळशी समजलो नसतो.

अबोली, तुमच्या भावाला विचारा, त्याला गर्दीत त्रास आवाजांचा जास्त होतो की हलणाऱ्या गोष्टींचा. माझ्याकडे दुसरा जास्त आहे.

कानोसा

एकटा_नाही, तुम्ही लिहिलंत हे फार बरं झालं.

डोळ्यांकडून मेंदूकडे जाणाऱ्या वाटांपैकी दोन महत्त्वाच्या आहेत. एक वाट वेगवान: अंधुक, ढोबळ, हलतं ते आधी पोचवते. एखाद्या दृश्याचा कच्चा आराखडा तिच्यामुळे मिळतो. तिला मॅग्नोसेल्युलर म्हणतात. दुसरी सावकाश: बारकावे, रंग, कडा. ती पार्व्होसेल्युलर. पामेला बटलर आणि जॅविट यांच्या कामात असं आढळलं की स्किझोफ्रेनियात पहिल्या वाटेचा प्रतिसाद जास्त घटलेला असतो, विशेषतः दृश्यातला उजेड-अंधाराचा फरक कमी असेल तेव्हा. आराखडा आधी आला नाही तर बारकावे सुटे सुटेच येणार. भुवई, ओठाचा कोपरा, चष्म्यावरची चमक. वाचनातली अडचणही या गटाने याच्याशी जोडून दाखवली आहे. दोष नेमका याच वाटेत आहे का, यावर संशोधकांत वाद आहे. पण दृष्टीच्या अगदी पहिल्या टप्प्यांत फरक पडतो हे बहुतेकांना मान्य आहे.

आणि तर्कटी, तुमच्या शंकेचं मला सर्वांत पटणारं उत्तर दृष्टीच्याच प्रयोगांत आहे. काही कामं अशी आहेत की जी स्किझोफ्रेनिया असलेली माणसं इतरांपेक्षा अधिक अचूक करतात. राखाडी ठिपक्यांचा एक मंद गोल, ठळक ठिपक्यांच्या पार्श्वभूमीवर ठेवला तर आपल्याला तो आहे त्याहून फिकट भासतो, कारण आपला मेंदू भोवतालच्या हिशेबाने मधलं दाबतो. २००५ मध्ये स्टीव्हन डेकिन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की रुग्ण या भुलीला कमी बळी पडतात, गोल जसा आहे तसाच सांगतात. तसाच एक पोकळ मुखवट्याचा प्रयोग आहे. मुखवट्याची आतली, खोलगट बाजू आपल्याकडे केली तरी आपल्याला चेहरा फुगीरच दिसतो. चेहरा आत गेलेला असूच शकत नाही, असं आपला मेंदू ठरवूनच बसलेला असतो. रुग्णांपैकी अनेकांना तो खोलगट आहे तसा दिसतो.

गुंगीने किंवा कंटाळ्याने काम बिघडेल, सुधारणार नाही. इथे काम सुधारतंय. म्हणजे मेंदू संवेदनांवर जी कात्री चालवतो, ती कात्रीच वेगळी चालते आहे.

तर्कटी

हे पटलं. 'अधिक अचूक' हा मुद्दा मी कधी ऐकलाच नव्हता. शंका मागे घेतो, पहिली अर्धी राखून.

डॉ_वाटसरू

मी मनोविकारतज्ज्ञ आहे. चर्चा चांगली चालली आहे, म्हणून फक्त जिथे कोणाचा गैरसमज होऊ शकेल तेवढंच लिहितो.

या चाचण्या निदानासाठी नाहीत. हे फरक गटागटांतले आहेत. शंभर रुग्णांची सरासरी आणि शंभर निरोगी माणसांची सरासरी यांत स्पष्ट अंतर असतं, पण एकट्या माणसाचा आलेख बघून त्याला आजार आहे की नाही ते सांगता येत नाही. काही निरोगी लोकांचे आलेख रुग्णांसारखे असतात आणि काही रुग्णांचे अगदी सरळ. बायपोलर आजारातही यातले काही फरक दिसतात. तेव्हा कोणी "ईईजी काढून स्किझोफ्रेनिया ओळखतो" असं म्हणत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका.

पी-फिफ्टीचा फरक आजार नसलेल्या काही भावंडांत आणि आईवडिलांतही सापडतो. त्याचा एक दुवा पंधराव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकाच्या परिसराशी १९९७ मध्ये जोडला गेला. ते जनुक निकोटिनला प्रतिसाद देणारं एक ग्राहक बनवतं. निकोटिनने हा उंचवटा थोड्या वेळापुरता सुधारतो असंही दिसलंय. स्किझोफ्रेनियात धूम्रपानाचं प्रमाण खूप जास्त का, याचं हे एक संभाव्य कारण आहे. पण यावरून कृपा करून कोणी सिगारेटला औषध समजू नये. परिणाम काही मिनिटांचा असतो, आणि या रुग्णांचं आयुष्य कमी होण्यामागे हृदयविकार आणि धूम्रपान यांचा वाटा मोठा आहे.

आणखी एक, हे घरच्यांना माहीत असायलाच हवं. सिगारेटच्या धुरामुळे यकृत क्लोझापिन हे औषध भराभर निकामी करतं. त्यामुळे धूम्रपान करणाऱ्याला ते जास्त मात्रेत द्यावं लागतं. त्याने सिगारेट एकदम सोडली, इस्पितळात दाखल झाल्यामुळे नाइलाजाने का होईना, तर त्याच मात्रेने रक्तातली पातळी धोकादायक वाढू शकते. हा परिणाम धुराचा आहे, निकोटिनचा नाही. म्हणून निकोटिनची पट्टी लावली तरी हा धोका टळत नाही. सिगारेट सोडाच, पण डॉक्टरांना आधी सांगून सोडा.

अबोली

डॉक्टर, तो क्लोझापिनच घेतो आणि सिगारेट ओढतो. हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. त्याच्या डॉक्टरांशी लगेच बोलते.

भावंडांमध्येही हा फरक सापडतो हे वाचून थबकले. म्हणजे कदाचित माझीही चाळणी थोडी सैल असेल. परीक्षेच्या वेळी मला घड्याळाची टिकटिक सहन व्हायची नाही, आई ते घड्याळ कपाटात नेऊन ठेवायची. त्याचा याच्याशी संबंध असेलच असं नाही, पण आज त्याच्याजवळ बसताना मला पहिल्यांदा वाटलं की आम्ही दोघं एकाच बाजूला आहोत.

श्रुतिका

मी श्रवण आणि वाचा या क्षेत्रात काम करते. अबोली, तुम्ही थट्टा आणि रागाबद्दल जे लिहिलंत त्याकडे अजून कोणी वळलं नाही.

बोलण्यातला भाव शब्दांपेक्षा पट्टीच्या चढउतारात असतो. "छान केलंस" हे तीन प्रकारे म्हणता येतं. दोन सूर लागोपाठ ऐकवून 'एकच की वेगळे' असं विचारलं तर स्किझोफ्रेनिया असलेल्या अनेकांना फरक कळायला दोन सुरांत अधिक अंतर लागतं. ज्यांना हा सुरांतला फरक कमी कळतो, त्यांना आवाजातला भाव ओळखणंही जड जातं, असं डेव्हिड लाइटमन आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात दिसलं. म्हणजे तुमचा भाऊ तुमच्या मनाचा विचार करत नाही असं नव्हे. तुमच्या आवाजातली ती बारीक कलाटणीच त्याच्यापर्यंत स्पष्ट पोचत नाही.

१९९७ च्या एका अभ्यासातला एक बारकावा मला फार महत्त्वाचा वाटतो. सुरांतलं अंतर प्रत्येकाला झेपेल इतकं वाढवून दिलं की मग रुग्ण तो सूर इतरांइतकाच वेळ लक्षात ठेवतात. म्हणजे स्मरणात साठवण गळत नाहीये, आत येतानाच ठसा पुसट उमटतोय. पुसट ठशावर कितीही लक्ष दिलं तरी तो ठळक होणार कसा?

व्यवहारात सांगायचं तर भाव शब्दांत सांगा. "मी थट्टा करतेय" किंवा "मला वाईट वाटलंय" असं सरळ म्हणा. एका वेळी एकाने बोला, त्याच्या समोर येऊन बोला. आणि त्याची साधी श्रवणतपासणी करून घ्या. ऐकू कमी येणं आणि भास यांचा संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे, पण मनोविकाराचं निदान एकदा झालं की कान तपासायचं कोणाच्या डोक्यातच येत नाही. मी असे कितीतरी रुग्ण पाहिलेत.

निरंजन_प

एक प्रश्न. जन्मांध माणसांना स्किझोफ्रेनिया होत नाही असं वाचलंय. दृष्टीचा एवढा संबंध असेल तर हे खरं धरायचं का?

डॉ_वाटसरू

हे विधान सगळ्या अंधत्वाबद्दल नाही. डोळे ठीक असून मेंदूच्या दृष्टिकेंद्रामुळे जन्मापासून किंवा अगदी तान्हेपणापासून आलेलं जे अंधत्व असतं, त्याबद्दल आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियात १९८० ते २००१ दरम्यान जन्मलेल्या साडेचार लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासल्या होत्या. त्यांत १,८७० जणांना स्किझोफ्रेनिया झाला, ६६ जणांना असं अंधत्व होतं, आणि दोन्ही असलेला एकही नव्हता. ऐकायला जबरदस्त वाटतं. पण हिशेब करा. हजारात चार या दराने ६६ जणांत अपेक्षित रुग्ण किती? एकही नाही, जेमतेम पाव. शून्य सापडणं यात आश्चर्य काहीच नाही. कल्पना विचार करण्याजोगी आहे, पण सिद्ध झालेली नाही.

तर्कटी

माझी उरलेली शंका वेगळ्या रूपात विचारतो. चाळणी सैल आहे म्हणून पंखा जास्त ऐकू येतो, मुखवटा खरा दिसतो, इथपर्यंत कळलं. म्हणजे मेंदू आपल्या अंदाजांपेक्षा बाहेरून आलेल्यावर जास्त भिस्त ठेवतोय. मग जे बाहेर नाहीच ते आवाज कुठून येतात? तिथे तर मेंदू बाहेरचं सोडून स्वतःच्याच अंदाजांवर विसंबतोय. या दोन गोष्टी एकमेकींच्या उलट नाहीत का?

कानोसा

तर्कटी, या विषयातला सर्वांत कठीण प्रश्न तुम्ही नेमका पकडलात. यावर आज एकमत नाही. माझी समजूत सांगते.

आपण बोलतो तेव्हा मेंदूचा बोलणारा भाग ऐकणाऱ्या भागाला आगाऊ कळवतो की आता जो आवाज येईल तो आपलाच आहे. म्हणून स्वतःच्या बोलण्याला मेंदूचा प्रतिसाद दबलेला असतो. ज्युडिथ फोर्ड आणि डॅनियल मॅथलन यांनी मोजून दाखवलं की स्किझोफ्रेनियात हा प्रतिसाद तितका दबत नाही. स्वतःच स्वतःला गुदगुल्या केल्या तर होत नाहीत, त्यामागेही हीच आगाऊ वर्दी असते. आवाज ऐकू येणाऱ्या रुग्णांना स्वतः केलेला स्पर्श आणि दुसऱ्याने केलेला स्पर्श यांत फारसा फरक जाणवत नाही, हे सारा-जेन ब्लेकमोर यांनी २००० मध्ये दाखवलं. २०११ मध्ये तर असं आढळलं की बटण दाबणं आणि त्याने होणारा आवाज यांत मुद्दाम ५० मिलिसेकंदांचा उशीर ठेवला तर रुग्णांच्या मेंदूचं दबणं बरंच पूर्ववत होतं. म्हणजे वर्दी जाते, पण उशिरा पोचते! स्वतःच्या मनातला शब्दही वर्दी न मिळाल्याने परका ठरत असेल, ही कल्पना त्यातून पुढे येते. माझा कल या बाजूला आहे.

दुसरी बाजूही भक्कम आहे. २०१७ मध्ये फिलिप कॉर्लेट यांच्या गटाने एक चित्र आणि एक सूर वारंवार जोडीने दाखवले, मग नुसतं चित्र दाखवलं. चित्र दिसलं की सूर ऐकू आल्याचं अनेकांनी सांगितलं, पण ज्यांना एरवीही आवाज ऐकू येतात त्यांनी ते जास्त वेळा सांगितलं. इथे अंदाजच संवेदनेवर मात करतोय. कदाचित खालच्या पायऱ्यांवर गोंधळ इतका वाढतो की वरच्या पायऱ्या नाइलाजाने आपल्या अंदाजांना घट्ट धरून बसतात. पुसट फोटोत आपण ओळखीचा चेहरा शोधतो तसं. पण हे अजून अनुमानच आहे.

एकटा_नाही

कानोसा, 'नाइलाजाने' हा शब्द बरोबर आहे. माझ्या पहिल्या झटक्याच्या आधीचे महिने असे होते की प्रत्येक गोष्ट सारखीच महत्त्वाची वाटायची. पायपुसणं तिरकं का, गाडीचा हॉर्न दोनदाच का. काहीच मागे सरकायचं नाही. मग एके दिवशी 'हे सगळं माझ्यासाठी आहे' हा विचार आला आणि मला चक्क हायसं वाटलं. सगळं एका धाग्यात बसलं. तो विचार चुकीचा होता आणि त्याने माझी तीन वर्षं खाल्ली. पण तो कुठून आला हे मला आता समजतं.

सायली_ती

यावर उपाय आहे का? चाळणी पुन्हा घट्ट करता येते का?

डॉ_वाटसरू

थेट औषध आज नाही. त्या निकोटिन-ग्राहकावर काम करणारी औषधं आणि ग्लुटामेटच्या बाजूने जाणारी औषधं, दोन्हींकडून मोठी आशा होती. मोठ्या चाचण्यांत त्यांनी निराशा केली.

सरावाचा मार्ग तपासला जातोय. सोफिया विनोग्रॅडोव्ह आणि मेलिसा फिशर यांच्या २००९ च्या अभ्यासात रुग्णांनी संगणकावर सूर ओळखण्यापासून सुरू होणारा ५० तासांचा सराव केला आणि त्यांची शाब्दिक स्मरणशक्ती सुधारली. खालची पायरी पक्की केली तर वरची सावरते, असा त्यामागचा विचार. नंतरच्या अभ्यासांचे निकाल संमिश्र आहेत. त्यामुळे मी कोणाला त्याची हमी देत नाही.

आणि जे इथे वाचून "मग चालू औषधांचा उपयोग काय" असा विचार करत असतील त्यांना कळकळीने सांगतो: औषधं बंद करू नका. आवाज आणि संशय परत येणं पंख्याच्या त्रासापेक्षा फार महाग पडतं.

अबोली

सर्वांचे मनापासून आभार. भावाच्या डॉक्टरांशी सिगारेट आणि क्लोझापिनबद्दल बोलणं झालं. रक्तातली पातळी तपासायला सांगितली आहे.

हा धागा मी त्याला वाचायला दिला. एकदम नाही, रोज थोडा थोडा, कागदावर छापून, कारण स्क्रीनवर त्याच्या ओळी निसटतात. एकटा_नाही, तुमचे प्रतिसाद त्याने दोनदा वाचले. तुमच्या प्रश्नाचं उत्तर: त्याला आवाजांचा जास्त त्रास होतो, हलणाऱ्या गोष्टींचा नाही.

त्याने एक दुरुस्ती सांगितली आहे आणि ती इथे लिहायला सांगितली आहे. मी वर लिहिलंय त्यावरून वाचणाऱ्यांना वाटेल की त्याला पंख्याचा आवाज मोठा येतो. तो म्हणतो, "मोठा नाही येत, ताई. तुझ्याइतकाच येतो. फक्त तो जुना होत नाही. दर फेरीला नवाच असतो."

श्रवणतपासणी पुढच्या आठवड्यात आहे. श्रुतिका, अहवाल आला की इथेच लिहीन, त्यातले आकडे समजावून द्याल का?

श्रुतिका

नक्की. दोन्ही कानांचे आलेख वेगवेगळे असतील, दोन्ही लिहा. आणि तपासणीला जाताना त्यांना आधी सांगा की खोलीत एकच माणूस असावा आणि सूचना एकेक करून द्याव्यात.